हास्वेसाठी केलेलं कार्ड

आमच्या क्लबात कुणालाही डोंगरावर जायचं असेल तर आधी कार्ड भरावं लागतं. जाड, पिवळट, पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं. कोण जाणार, कुठून चढणार, कुठून उतरणार, धुक्यात सापडले तर होकायंत्राच्या कुठल्या कोनावर किती चालायचं, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा, हे सगळं त्यावर. अशी दोन कार्डं. एक जाणाऱ्यांच्या खिशात, दुसरं माझ्याकडे. माझ्या खुब्याचा सांधा बदलल्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी चढत नाही, कार्डं सांभाळते. या अकरा वर्षांत दोनदाच फोन करावा लागला. एकदा माणसं चुकीच्या खोऱ्यात उतरली होती आणि एकदा पबमध्ये बसून निरोप द्यायला विसरली होती.

नियम असा की कार्डावरची वेळ उलटेपर्यंत फोन करायचा नाही. घरची माणसं त्याआधीच घाबरतात, मला विचारतात. मी त्यांना कार्डावरची वेळ वाचून दाखवते.

फेब्रुवारीत लाखलन बेअर्डने हास्वे बेटाचा बेत काढला. अडीच हजार फुटांवरच्या डोंगरांची एक यादी आमच्याकडे लोक आयुष्यभर पुरी करत बसतात. लाखलनचे त्यातले दोनशे एकवीस झाले होते. राहिला होता तो हास्वेवरचा बेन डोरखा. तो मुद्दाम शेवटी ठेवला, असं तो सांगायचा. खरं म्हणजे तिथे उतरणंच अवघड. बेटावर वस्ती नाही, धक्का नाही, फोनला रेंज नाही. मॅलेगच्या बंदरातून टोरमॉड नावाचा एक बोटवाला लाट बरी असेल तर नेतो आणि बरी असेल तरच आणतो.

कॅलँडर गावी बेअर्डांच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं जमलो. लाखलन, त्याची बायको उना, डूगी रेनी आणि मी. लाखलन जंगलखात्यातून निवृत्त झालेला, अडतीस वर्षं क्लबच्या पुढे चालणारा. उना गावची नर्स होती. डूगी प्लंबर, अजूनही कामं घेतो, पण कुणाकडे वेळेवर जात नाही.

टेबलावर नवा कोरा नकाशा पसरलेला होता.

"इथे उतरायचं, पूर्वेच्या पुळणीवर," लाखलन म्हणाला. "ओढ्याच्या अलीकडे तंबू. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघायचं आणि ही सोंड धरून वर. चार तास."

"तुला चार," डूगी म्हणाला. "मला पाच. माझ्या गुडघ्याला सहा."

"गुडघा घरी ठेव."

"ठेवला असता. पण मग व्हिस्की कोण वाहणार?"

"आणि उतरायचं याच सोंडेने?" उनाने विचारलं.

लाखलनने नकारार्थी मान हलवली. चढायच्या सोंडेवर ओले गुळगुळीत कातळ आहेत, वर जाता येतं, खाली येता येत नाही. त्याने नकाशावर बोट ठेवलं. माथ्यावर दगडांची रास आहे. तिथून नैर्ऋत्येच्या थोडं अलीकडे, साडेपाचशे मीटर, उघड्या पठारावरून चालत जायचं. मग दक्षिणेची सोंड सापडते आणि तिच्यावरून बायकापोरांनाही उतरता येईल.

"आणि या साडेपाचशे मीटरमध्ये काय आहे?" डूगीने विचारलं.

"काही नाही. गवत."

"उजवीकडे?"

"उजवीकडे पश्चिमेचा कडा. गवत अगदी काठापर्यंत जातं. काठावर दगड नाही, कुंपण नाही. उतार हळूहळू वाढतो आणि मग जमीन संपते. खाली सहाशे फूट."

"म्हणजे देखावा झकास असणार."

"उजवीकडे बघायचंच नाही," लाखलन म्हणाला, आणि हसला नाही.

डूगीने चहाचा घोट घेतला. "पर्थचे दोघे गेले होते ना तिथून? चौऱ्याण्णव साली. टोरमॉडच्या बापाला एकाची सॅक मिळाली होती. दुसऱ्याचं काहीच नाही."

"धुकं होतं," लाखलन म्हणाला. "आणि ते अंदाजाने चालले."

"मी अडतीस वर्षं तुझं ढुंगण बघत चालतोय. मला अंदाज लागतच नाही."

सगळे हसले. उना उठली आणि किटली परत शेगडीवर ठेवली. किटली भरलेलीच होती, गरम होती.

आमच्या क्लबात आणखी एक रीत आहे. कुणाचाही यादीतला शेवटचा डोंगर कागदावरच चालायचा. फोन, ती हातातली वाट दाखवणारी यंत्रं, काही बरोबर न्यायचं नाही. ती सगळी निघताना माझ्याकडे द्यायची, मी बिस्किटांच्या डब्यात ठेवते. पहिल्या लोकांनी नकाशा आणि होकायंत्रावर यादी पुरी केली, म्हणून शेवटचा तरी तसाच. आजवर कुणी त्याबद्दल कुरकुर केली नाही. त्या दिवशी उनाने केली.

"या वेळी एक फोन नेऊ या," ती म्हणाली. "रेंज नसली तरी आपण कुठे आहोत ते दाखवतो. बंद करून ठेवू."

"वा," डूगी म्हणाला. "बेन डोरखावर नवऱ्याने वाट चुकवली म्हणून तक्रार करायला?"

लाखलन तिच्याकडे बघत राहिला. ती पुढे बोलली नाही.

का बोलली नाही, ते त्या दोघांखेरीज त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. जानेवारीत ती माझ्याकडे येऊन सांगून गेली होती. आधी लाखलन एका सकाळी दुसऱ्याच खोऱ्याच्या तोंडाशी गाडी लावून दोन तास तिची वाट बघत बसला होता. मग एकदा तंबू एकाचा आणि खांब दुसऱ्याचे घेऊन निघाला. मग स्टर्लिंगचे डॉक्टर, चित्रं काढायच्या, शब्द लक्षात ठेवायच्या चाचण्या, आणि तीन पानांचा कागद. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. उन्हाळा बरा जाईल. पुढच्या वर्षाचं सांगता येत नाही.

"डूगीला सांग," मी म्हटलं होतं.

"सांगितलं तर तो याला पुढे चालू देणार नाही. प्रेमानेच नाही देणार. आणि शेवटच्या डोंगरावर याला मधे घालून चालवलं, तर हा डोंगर उतरेल, एल्सी, पण त्यातून सावरणार नाही. मी नर्स होते. मी बघितलीत अशी माणसं."

"आणि वर चुकला तर?"

"मी असेन ना. आणि कार्ड असेल."

डॉक्टरांनी लाखलनला सगळं लिहून ठेवायला सांगितलं होतं. उनाने त्याच्याकडून त्यापुढचं वचन घेतलं होतं. डोक्यातलं आणि कागदावरचं जुळलं नाही, तर कागद खरा. मनातल्या मनात वाद घालायचा नाही, कागदाप्रमाणे वागायचं. त्याला ते आवडलं नाही, पण त्याने दिलं, आणि त्या दिवसापासून पाळलं. मी स्वतः पाहिलं. दुकानात तो यादी हातात धरून उभा होता. यादीत दूध नव्हतं. घरात दूध संपलंय हे त्याला माहीत होतं, मला तसं म्हणाला, आणि दूध न घेता घरी गेला.

एप्रिलच्या शेवटी कार्ड तयार झालं. लाखलन गॅसचे डबे आणायला स्टर्लिंगला गेला असताना उना ते माझ्याकडे घेऊन आली आणि टेबलावर ठेवून उभीच राहिली.

"वाच," ती म्हणाली.

अक्षर नेहमीसारखं, छापल्यासारखं. गुरुवार चौदा मे, दुपारी बेटावर. शुक्रवारी डोंगर. शनिवारी चार वाजता बोट. शनिवारी रात्री आठपर्यंत निरोप नाही तर शोध. जाणारी माणसं: लाखलन बेअर्ड, उना बेअर्ड, अँगस रेनी.

अँगस हा डूगीचा थोरला भाऊ. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. त्याची शवपेटी उचलणाऱ्यांत लाखलन होता.

"त्याला दाखवलंस?" मी विचारलं.

"नाही. काय म्हणून दाखवू? तो हे वाचेल आणि त्याला कळेल की हे आपणच लिहिलंय. डोंगर तिथेच संपेल." ती खुर्चीवर बसली. "एल्सी, एक चुकलंय तर आणखीही असेल. आपण दोघी सगळं तपासू."

माझा नकाशा मी कपाटातून काढला. सदतीस वर्षांचा, घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेला, पण बेट काही हलत नाही. आम्ही ओळीने तपासत गेलो. पुळण, ओढा, सोंड, उंची, वेळा. सगळं बरोबर होतं. मग उतरणीचा कोन आला. कार्डावर होतं, माथ्यापासून दोनशे सहा अंश, साडेपाचशे मीटर. उनाने प्लास्टिकचं होकायंत्र नकाशावर ठेवलं, तबकडी फिरवली आणि वाचलं.

"दोनशे सहा."

"म्हणजे बरोबर आहे."

"बरोबर कसं? हा नकाशावरचा झाला. सात कुठे मिळवलेत?"

मी बघितलं. खरंच मिळवले नव्हते.

हे आम्हाला लाखलननेच शिकवलं होतं. नकाशाची उत्तर दिशा आणि होकायंत्राच्या सुईची उत्तर दिशा एक नसते, सुई पश्चिमेकडे झुकते, म्हणून नकाशावर मोजलेल्या कोनात सात अंश मिळवायचे आणि मगच पाऊल टाकायचं. अठ्ठ्याऐंशी साली तो आम्हा नव्या पोरींना गाडीत बसल्या बसल्या पाढ्यासारखं म्हणायला लावायचा. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आम्ही सांगितलं असतं, मिळवा सात.

"तोच विसरला," उना म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता, दवाखान्यातला. "ज्याने शिकवलं तोच."

माझ्या नकाशाच्या समासातही लिहिलेलं होतं, फरक सात अंश. मी त्यावर बोट ठेवून तिला दाखवलं. त्याच ओळीत पुढे आणखी बारीक अक्षरं होती. माझा चष्मा दुसऱ्या खोलीत होता. मी उठले नाही.

दोनशे सहा आणि सात, दोनशे तेरा.

उनाने चहाचा कप उचलला आणि कार्डावर ओतला. थोडाच, मधोमध. मग पुसला. मग माझ्याकडच्या कोऱ्या कार्डांतली दोन घेऊन तिने सगळं नव्याने उतरवलं. अँगसच्या जागी डूगी. दोनशे सहाच्या जागी दोनशे तेरा. भिजलेलं कार्ड तिने माझ्याकडेच ठेवलं.

"घरी नको. त्याच्या हाती लागेल. जाळून टाक."

निघायच्या आदल्या दिवशी तिघंही माझ्याकडे आली. डूगीच्या सॅकमधून ओटकेकची पाकिटं आणि मोज्यांत गुंडाळलेली बाटली डोकावत होती. फोन डब्यात ठेवण्याआधी त्याने स्वतःच्या फोनचा मुका घेतला.

"एल्सी, बायकोचा फोन आला तर सांग, मी समुद्रात पडलो."

"तिला आनंद होईल."

"म्हणून तर. बिचारीला दोन दिवस तेवढाच आनंद."

उनाने लाखलनपुढे नवं कार्ड ठेवलं. "जुन्यावर चहा सांडला माझ्या हातून. मी तसंच्या तसं उतरवलंय. सही कर."

लाखलनने चष्मा लावला आणि वरपासून वाचायला सुरुवात केली. नावांवरून त्याची नजर सरळ पुढे गेली. उतरणीच्या ओळीवर थांबली. त्याने त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"दोनशे तेरा?"

डूगी सॅकचा पट्टा आवळत होता, त्याचं लक्षही नव्हतं.

"तुझ्याच कार्डावरून उतरवलंय," उना म्हणाली.

"मी दोनशे तेरा लिहिलं होतं?"

"हो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. अडतीस वर्षांत त्याने मला कधी काही विचारलं नव्हतं, नेहमी मी त्याला विचारायचे. मी मानेनेच हो म्हटलं.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता. ओठ हलत होते, काहीतरी मोजत असावा. मग त्याचे खांदे जरा खाली आले.

"असेल," तो म्हणाला. "लिहिलंय तर तेच." आणि सही केली.

मला तेव्हा वाईट वाटलं ते त्याच्या चुकीचं. त्यानंतरचं उनाने मला संध्याकाळी फोनवर सांगितलं. जेवताना एकदा म्हणाला, माझ्या मनात दुसराच आकडा होता. मग म्हणाला, पण माझ्या मनाचं काय सांगावं.

गुरुवारी टोरमॉडने दुपारी तीनला फोन केला. पुळणीवर सोडलं, सगळे कोरडे आहेत, म्हाताऱ्याने उतरताना बोटीला हात जोडल्यासारखं केलं.

"म्हातारा कुणाला म्हणतोस?" मी म्हटलं. "माझ्याहून वर्षाने लहान आहे."

"बाई, मी तुम्हालाही म्हातारीच म्हणतो, तोंडावर म्हणत नाही इतकंच. ऐका, उद्याचं काही खरं नाही. पश्चिमेकडून ओलं येतंय. मी त्यांना म्हटलं, शनिवारी सकाळी चढा, मी बोट उशिरा आणतो. तर तो खिशातून कार्ड काढून म्हणाला, कार्डावर शुक्रवार आहे."

"धुक्यात त्याच्यासारखं कुणी चालत नाही," मी म्हटलं. आणि ते मला खरं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी गार होतं. बातम्यांत सांगितलं, पश्चिमेच्या बेटांवर ढग हजार फुटांपर्यंत खाली. डब्यातला कुणाचा तरी फोन त्याच इशाऱ्याने दोनदा थरथरला. सव्वाअकराला मी शेगडी पेटवायला घेतली आणि ते भिजलेलं कार्ड आठवलं. खणातून काढलं. चहा वाळून कार्डाला बाक आला होता. आगीत टाकण्याआधी ते सरळ करायला म्हणून मी उलटं केलं.

आमच्या कार्डाच्या मागच्या बाजूला कुणी लिहीत नाही. ती छापलेलीच नसते. लाखलनने लिहिलं होतं, शिसपेन्सिलीने, बारीक.

"लाखलन, सात मिळवू नकोस. तो फरक आता संपला. नव्या नकाशाच्या समासात बघ. सवयीने हात जाईल, तरी मिळवू नकोस. २०६ म्हणजे २०६च. दोनदा तपासलं." खाली तारीख. आणि तारखेखाली वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं, "तिसऱ्यांदा तपासलं. बरोबर."

मी चष्मा लावला आणि माझा जुना नकाशा काढला. समासातल्या त्या ओळीत, फरक सात अंश, याच्या पुढे लिहिलं होतं, दर वर्षी थोडा थोडा कमी होत जाणार. सदतीस वर्षांपूर्वी छापलेलं.

तरीही मी मेन स्ट्रीटवरच्या डोंगरसामानाच्या दुकानात फोन केला. तिथल्या मुलीला हास्वेचा नवा नकाशा उघडून समास वाचायला सांगितला.

"काय वाचू, समास?" ती म्हणाली. "थांबा हं. हां. चुंबकीय उत्तर. या भागात अर्ध्या अंशाहून कमी. म्हणजे धरायचंच नाही, ना? आजकाल कुणी धरत नाही. नकाशा ठेवू का बाजूला तुमच्यासाठी?"

मी नको म्हटलं. दोनशे सहाऐवजी दोनशे तेरा. साडेपाचशे मीटरमध्ये सात अंश म्हणजे सरळ वाटेपासून सदुसष्ट मीटर उजवीकडे. नकाशावर पट्टी ठेवून बघायची गरज नव्हती, तरी ठेवली. रेघ सोंडेपर्यंत पोचत नव्हती. त्याआधीच, चारशे मीटरच्या आत, ती पश्चिमेच्या कड्यावरून गेली.

टोरमॉडने फोन लगेच उचलला.

"आज पुळणीवर बोट लागणार नाही, बाई. लाट बघा काय आहे. का, उशीर झाला का त्यांना?"

"नाही. उद्या आठपर्यंत वेळ आहे."

"मग?"

"कार्ड चुकलंय. वरून उतरायचा कोन चुकलाय. तू बेटाजवळ जा, भोंगा वाजव, काहीही कर."

"पश्चिमेच्या बाजूने वारं सगळा आवाज माघारी आणतं. पण जातो." मग म्हणाला, "कार्ड त्या म्हाताऱ्याने केलं होतं ना? तो चुकत नाही म्हणतात."

"जा तू," मी म्हटलं.

मग मी तो फोन केला, जो कार्डावरच्या वेळेआधी करायचा नसतो. पोलिसांनी डोंगरावरच्या शोधपथकाकडे जोडून दिला. पथकाचा प्रमुख हेक्टर. मी त्याला ओळखते, तो लाखलनला माझ्याहून जास्त ओळखतो. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"एल्सी, हेलिकॉप्टर या ढगात काही करू शकणार नाही," तो म्हणाला. "आम्ही बोटीने निघालो तरी तीन तास. पण तू घाबरू नकोस. लाखलन पुढे आहे. पठारावर उतार वाढायला लागला की त्याच्या पायांना कळेल. काही खटकलं की तो थांबतो. मी त्याला तासन्‌तास थांबलेला पाहिलाय."

"या वेळी नाही थांबणार."

"का?"

उनाला दिलेला शब्द मी तिथे मोडला. जानेवारीपासून सगळं सांगितलं. डॉक्टर, अँगसचं नाव, चहा, दोनशे तेरा. तो आकडा त्याला खटकला होता आणि त्याने आम्हाला दोघींना विचारलं होतं, आणि आम्ही दोघींनी तो तुझाच आहे असं सांगितलं होतं, हेही. आणि कागद खरा, डोकं खोटं, हे त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. त्याचे पाय काहीही म्हणाले तरी तो कार्डाप्रमाणे जाईल. उना त्याच्या मागे असेल आणि तिची खात्री असेल की तो बरोबर चाललाय. डूगी तिच्या मागे.

पलीकडून नकाशा उलगडल्याचा आवाज आला. मग हेक्टरने फोन बाजूला धरून कुणाला तरी सांगितलं, दोर सगळे घ्या, पश्चिमेच्या बाजूने खालून जायचं. खालून. मी ते ऐकलं. मला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने आवाज खाली केला होता.

"आठला निघाले?" त्याने मला विचारलं.

"कार्डावर आठ आहे. म्हणजे आठलाच."

"म्हणजे आता माथ्यावर पोचत असतील. डूगी बाटली काढेल. अर्धा तास तरी बसतील ना?"

"गार आहे," मी म्हटलं. "गारठ्यात लाखलन कुणाला दहा मिनिटांवर बसू देत नाही."

"हं." त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो उभा राहिला होता. "निघतो. फोनजवळ रहा."

"हेक्टर."

"बोल."

"तो भेटला की त्याला आधी सांग, त्याचं कार्ड बरोबर होतं. बाकी सगळं नंतर. आधी एवढंच."

"आधी भेटू दे," हेक्टर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.